सी भाषेतील क्रिप्टोग्राफी लायब्ररीसाठी स्ट्रिंगची पोर्टेबल फंक्शने कशी लिहावीत

एईएस (मजकूर सांकेतिक करणारा अल्गोरिदम) किंवा एसएचए (हॅश, म्हणजे मजकुराचा ठरलेल्या लांबीचा ठसा, काढणारे अल्गोरिदम) यांचे गणित ठरलेल्या लांबीच्या बाइटांवर चालते आणि ते बरोबर उतरले आहे की नाही, हे पडताळण्यासाठी प्रमाणित चाचणी-संच सहज मिळतात. त्या गणिताच्या भोवती मात्र मजकुराची मोठी ये-जा असते: अल्गोरिदमची नावे, प्रमाणपत्रातील नावे, हेक्समध्ये लिहिलेल्या किल्ल्या, पासवर्ड, सेटिंगच्या फाइली, त्रुटिसंदेश. ही ये-जा सांभाळणारी फंक्शने इतकी साधी दिसतात की त्यांच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही, आणि सी भाषेत नेमकी तीच चुकतात. ओपनएसएसएल, लिब्रेएसएसएल, बोरिंगएसएसएल या तिन्ही लायब्रऱ्यांनी स्ट्रिंग हाताळणीचा आपापला छोटा थर बाळगला आहे, तो याच अनुभवातून. असा थर स्वतःच्या लायब्ररीसाठी कसा उभारावा, याची रीत पुढे दिली आहे. फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. सी जाणणाऱ्या वाचकाला ती ओळखू येतील.

कोणतेही फंक्शन लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर ठरवून घ्याव्यात. पहिली, लांबी कोण सांगणार: शेवटचा नल बाइट (शून्य मूल्याचा बाइट) की सोबत दिलेला आकडा. दुसरी, मेमरी कोणाची आणि ती सोडणार कोण. तिसरी, मजकूर गोपनीय आहे की उघड. या तिन्हींची उत्तरे फंक्शनाच्या घोषणेवरूनच कळावीत. टिप्पणी वाचल्याशिवाय ती कळत नसतील, तर घोषणा बदलावी. याखेरीज एक नियम सर्वत्र पाळावा: फंक्शनाचे उत्तर मशीन, कंपायलर किंवा वापरकर्त्याची भाषा बदलली म्हणून बदलता कामा नये.

नाव आणि जागा

सर्व फंक्शने एकाच फाइलीत ठेवावीत आणि प्रत्येकाच्या नावाआधी लायब्ररीचा स्वतःचा उपसर्ग लावावा. स्ट्रएलकॉपी आणि स्ट्रएलकॅट ही फंक्शने टॉड मिलर आणि थिओ दे राट यांनी लिहिली व ती प्रथम डिसेंबर १९९८ च्या ओपनबीएसडी २.४ मध्ये आली. लिनक्सवरील ग्लिबसी या सी भाषेच्या प्रमाण लायब्ररीने ती अनेक वर्षे नाकारली आणि अखेर ऑगस्ट २०२३ मधील २.३८ या आवृत्तीत स्वीकारली. मधल्या काळात असंख्य प्रकल्पांनी याच नावाची आपली फंक्शने लिहून ठेवली होती. ज्यांनी ती उपसर्गाविना लिहिली, त्यांच्या घोषणा नव्या ग्लिबसीच्या हेडरमधील घोषणांशी भिडण्याची सोय आपोआप झाली. शिवाय लायब्ररी स्थिर पद्धतीने जोडली जाते, तेव्हा वापरणाऱ्या प्रोग्रामातही त्याच नावाचे फंक्शन असू शकते. ओपनएसएसएलने आपल्या फंक्शनांना ठळक उपसर्ग दिल्यामुळे तिला हा त्रास झाला नाही.

प्रणालीत फंक्शन उपलब्ध असेल तर ते वापरावे आणि नसेल तर आपले वापरावे, हा दुसरा मार्ग लिब्रेएसएसएलच्या पोर्टेबल आवृत्तीने घेतला आहे. बांधणीच्या वेळी चाचपणी होते आणि जे सापडत नाही तेवढेच सोबतच्या निर्देशिकेतून भरले जाते. माझे मत असे की पाच-दहा ओळींच्या फंक्शनांसाठी ही चाचपणी करू नये. दोन मशीनवर दोन वेगळ्या अंमलबजावण्या चालल्या, की एकीवर दिसणारा दोष दुसरीवर दिसत नाही आणि शोधणारा हकनाक थकतो. मेमरी पुसणे हा याला अपवाद आहे. त्याबद्दल पुढे येईल.

मजकुराची नक्कल

नक्कल करण्यासाठी स्ट्रएनकॉपी वापरू नये. नावावरून ते स्ट्रकॉपीचे सुरक्षित भावंड वाटते, परंतु त्याचा जन्म ठरावीक रुंदीचे रकाने भरण्यासाठी झाला. जुन्या युनिक्सच्या निर्देशिकेत फाइलीच्या नावाला १४ बाइटांचा रकाना असे. म्हणून मजकूर लहान असेल तर ते उरलेली सगळी जागा शून्यांनी भरते, आणि मजकूर रकान्याएवढा किंवा त्याहून मोठा असेल तर शेवटी नल बाइट लावतच नाही. पुढे कोणी त्यावर स्ट्रलेन चालवले की वाचन बफरच्या बाहेर जाते.

त्याऐवजी आपले स्ट्रएलकॉपी लिहावे. त्याला तीन गोष्टी दिल्या जातात: गंतव्य, स्रोत आणि गंतव्याचा पूर्ण आकार. आकार एकापेक्षा जास्त उरलेला आहे आणि स्रोतातील बाइट शून्य नाही, तोपर्यंत एकेक बाइट उचलून ठेवावा, आकार एकाने कमी करावा आणि मोजणी एकाने वाढवावी. लूप संपल्यावर आकार शून्य नसेल तरच गंतव्याच्या जागी नल बाइट लिहावा. मूळ आकारच शून्य दिलेला असेल, तर गंतव्याला हातही लावू नये. शेवटी आतापर्यंतची मोजणी आणि स्रोताच्या उरलेल्या भागाची लांबी यांची बेरीज परत करावी. म्हणजे परत येणारा आकडा ही स्रोताची पूर्ण लांबी असते, किती नक्कल झाली ते नव्हे. तो आकडा गंतव्याच्या आकाराएवढा किंवा त्याहून मोठा असेल, तर मजकूर कापला गेला आहे असे समजावे.

कापला गेलेला मजकूर ही क्रिप्टोग्राफीत किरकोळ बाब नव्हे. समजा सात बाइटांच्या बफरमध्ये ‘एसएचए५१२-२५६’ हे नाव भरायचे आहे. रोमन लिपीत ते दहा बाइटांचे आहे. स्ट्रएनकॉपी त्यातले पहिले सात बाइट भरेल, जोडरेघेसकट, आणि शेवट उघडा ठेवेल. स्ट्रएलकॉपी सहा बाइट भरून नल लावेल आणि दहा परत करेल. आता बफरमध्ये ‘एसएचए५१२’ असे नीटनेटके नाव उभे आहे, आणि ते एका खऱ्या, पूर्णपणे वेगळ्या अल्गोरिदमचे नाव आहे: मूळचा अल्गोरिदम ३२ बाइटांचे उत्तर देतो, हा ६४ बाइटांचे देतो, आणि दोघांची सुरुवातीची मूल्येही निराळी आहेत. परत आलेला दहाचा आकडा तपासला नाही, तर कोणतीही त्रुटी न दाखवता लायब्ररी भलतेच काम करील. म्हणून नक्कल करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी हा आकडा तपासावा आणि मजकूर कापला गेल्यास थेट अपयश परत करावे. कंपायलरची सोय असेल, तर परत आलेले मूल्य दुर्लक्षिल्यास इशारा मिळेल अशी खूण घोषणेवर करावी.

आकार देताना घडणारी नेहमीची गफलत अशी, की फंक्शनाला आलेल्या पॉइंटरवर साइझऑफ चालवले जाते. त्यातून बफरचा नव्हे, पॉइंटरचा आकार मिळतो. ६४ बिटांच्या मशीनवर आठ, ३२ बिटांच्या मशीनवर चार. आकार नेहमी वेगळा पॅरामीटर म्हणून पुढे पाठवावा आणि त्याचा प्रकार साइझ-टी असावा, इंट नसावा.

स्ट्रएलकॅटसाठी आधी गंतव्यात नल बाइट शोधत पुढे सरकावे, मात्र दिलेल्या आकाराच्या आतच, आणि तेथून उरलेल्या आकारासह आपलेच स्ट्रएलकॉपी बोलवावे. गंतव्यात नल सापडलाच नाही तर उरलेला आकार शून्य होतो आणि काहीही लिहिले जात नाही. दोन्ही फंक्शनांची एक मर्यादा लक्षात ठेवावी: स्रोताची पूर्ण लांबी परत करायची असल्याने ती स्रोत शेवटपर्यंत वाचतात. स्रोताला नल बाइट असल्याची खात्री नसेल, तर स्ट्रएलकॉपी तुम्हाला वाचवणार नाही. अशा वेळी आधी स्ट्रएनलेनने कमाल मर्यादेपर्यंत लांबी मोजावी आणि मग मेमकॉपीने तेवढेच बाइट हलवावेत.

प्रत काढणे आणि ती सोडणे

स्ट्रडप हे पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकात) जुने असले, तरी सी भाषेच्या मानकात ते २०२३ च्या आवृत्तीत आले. पण पोर्टेबिलिटीपेक्षा मोठे कारण मेमरीच्या मालकीचे आहे. विंडोजवर लायब्ररी एका रनटाइमशी आणि तिला वापरणारा प्रोग्राम दुसऱ्या रनटाइमशी जोडलेला असू शकतो. एकाच्या मॅलॉकने घेतलेली मेमरी दुसऱ्याच्या फ्रीने सोडली, तर हीप बिघडतो. त्यामुळे लायब्ररीच्या स्ट्रडपने लायब्ररीच्याच मेमरी-फंक्शनांतून जागा घ्यावी आणि ती सोडण्यासाठीही लायब्ररीचे फंक्शन द्यावे. ओपनएसएसएलमध्ये प्रोग्रामला स्वतःची मेमरी-फंक्शने बसवता येतात; तेथे थेट स्ट्रडप बोलवले, तर ही सगळी व्यवस्था वळसा घालून बाजूला पडते. प्रणालीचे स्ट्रडप स्रोतात कोठेही दिसले की बांधणीच थांबेल, अशी तपासणी लावून ठेवणे सोपे आहे आणि उपयोगी पडते.

स्ट्रएनडप लिहिताना आधी स्ट्रएनलेनने लांबी काढावी, ती साइझ-टीच्या कमाल मूल्याएवढी नाही हे पाहावे, एक बाइट जास्त घेऊन नक्कल करावी आणि शेवटी नल लावावा. एक मिळवताना आकडा उलटून शून्य होऊ शकतो, ही शक्यता पुस्तकी वाटते. परंतु लांबी बाहेरून आलेल्या फाइलीतून वाचलेली असेल, तर हल्लेखोर तो आकडा निवडू शकतो. स्रोत नल पॉइंटर असल्यास नल पॉइंटरच परत करावा आणि तसे दस्तऐवजात लिहावे.

लांबी सोबत बाळगणारा मजकूर

संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रातील मजकूर एएसएन-वन या माहिती मांडण्याच्या प्रमाणित पद्धतीने येतो आणि तेथे लांबी आधी लिहिलेली असते. मजकुराच्या आत शून्य बाइट असण्याला तिची हरकत नसते आणि शेवटी शून्य बाइट असण्याची तिला गरजही नसते. सी भाषेची समजूत दोन्ही बाबतीत उलटी आहे, आणि या दोन उलट समजुतींमधून दोन वेगळ्या जातीचे दोष निघाले आहेत.

पहिला दोष २००९ मध्ये ब्लॅक हॅट परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डॅन कमिन्स्की यांनी दाखवला. प्रमाणपत्राच्या नावात आधी एखाद्या प्रसिद्ध संकेतस्थळाचे नाव, मग शून्य बाइट आणि मग हल्लेखोराचे स्वतःचे डोमेन लिहायचे. प्रमाणपत्र देणारी संस्था पूर्ण लांबी वाचते, तिला शेवटचे डोमेन दिसते आणि ते अर्जदाराचेच असल्याने ती प्रमाणपत्र देते. ब्राउझर मात्र सी भाषेच्या सवयीने शून्य बाइटापाशी थांबतो आणि त्याला प्रसिद्ध संकेतस्थळाचे नाव दिसते. दुसरा दोष ओपनएसएसएलमध्ये ऑगस्ट २०२१ मध्ये दुरुस्त झाला. सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२१-३७१२ या क्रमांकाने तो नोंदला आहे. लायब्ररीचे स्वतःचे पार्सर एएसएन-वन स्ट्रिंगच्या शेवटी सोयीसाठी एक नल बाइट लावत असत. त्यामुळे छपाई करणाऱ्या व इतर काही फंक्शनांनी तो नेहमीच असतो असे गृहीत धरले. प्रोग्रामने ती रचना स्वतः भरली की नल बाइट नसे, आणि वाचन बफरच्या पलीकडे जाई.

यावरून रीत अशी ठरते. लायब्ररीच्या आत मजकूर नेहमी पॉइंटर आणि लांबी या जोडीने फिरवावा. त्याची सी-स्ट्रिंग करायचीच असेल, तर ते काम एकाच फंक्शनाने करावे: आधी दिलेल्या लांबीत शून्य बाइट आहे का ते मेमसीएचआरने शोधावे, असल्यास अपयश परत करावे, नसल्यास एक बाइट जास्त घेऊन नक्कल करावी आणि शेवट बंद करावा. बोरिंगएसएसएलमध्ये बाइटांची मालिका वाचण्यासाठी सीबीएस नावाची रचना आहे आणि तिच्यात शून्य बाइट तपासण्याची स्वतंत्र सोय आहे. नव्याने लिहिणाऱ्याने ती वाचावी. शेवटी सोयीसाठी नल बाइट लावण्याची सवय मला धोक्याची वाटते. ती चुकीच्या कोडला चालू ठेवते आणि चूक दिसण्याचा दिवस लांबवते.

पासवर्डालाही हेच लागू आहे. ओपनएसएसएलच्या पीबीकेडीएफ-टू (पासवर्डापासून अनेक आवर्तनांनी किल्ली काढणाऱ्या) फंक्शनाला पासवर्डाची लांबी उणे एक दिली, तर ते स्ट्रलेनने लांबी स्वतः काढते. पासवर्ड माणसाने टंकलेला असेल तोवर हे ठीक. परंतु कोणी पासवर्डाचा आधी हॅश काढून त्याचे कच्चे बाइट तसेच पुढे दिले, तर पहिल्या शून्य बाइटापाशी तो संपतो. पहिलाच बाइट शून्य असण्याची शक्यता २५६ मध्ये एक आहे आणि त्या वेळी पासवर्ड रिकामा ठरतो. आपल्या लायब्ररीत अशी सवलत ठेवू नये, लांबी मागूनच घ्यावी.

अक्षरे ओळखणे

टूलोअर, इझअल्फा, स्ट्रकेसकंप ही फंक्शने वापरकर्त्याच्या लोकेलकडे (भाषा व प्रदेशाच्या सेटिंगकडे) पाहून उत्तर देतात. अल्गोरिदमचे नाव मात्र कोणत्याही देशाच्या भाषेत नसते. ते प्रोटोकॉलचे चिन्ह असते. तुर्की लिपीत बिंदूचा आणि बिनबिंदूचा असे दोन वेगळे आय आहेत, त्यामुळे तुर्की लोकेलमध्ये मोठा आय आणि लहान आय ही एकाच अक्षराची रूपे ठरत नाहीत. ‘एआरआयए’ किंवा ‘आरआयपीईएमडी१६०’ ही नावे मोठ्या लिपीत नोंदलेली आणि लहान लिपीत मागितलेली असतील, तर इस्तंबूलमधील मशीनवर ती सापडणार नाहीत. ओपनएसएसएलच्या तिसऱ्या पिढीत अल्गोरिदम नावाने मागवण्याची पद्धत आल्यावर हा प्रश्न खराच उभा राहिला आणि मे २०२२ मधील ३.०.३ या आवृत्तीत लोकेलकडे न पाहणारी तुलनेची फंक्शने आली.

आपले टूलोअर लिहिताना अक्षर मोठे आहे का ते तपासावे आणि असल्यास त्याचा एक बिट उलटवावा. आस्कीत हा बिट हेक्स २० चा. मोठे आहे का, हे तपासण्यासाठी ए ते झेड अशी सरळ तुलना चालते, पण आयबीएमच्या मेनफ्रेमवरील एबसिडिक संकेतात ती अक्षरे सलग नाहीत: ए ते आय एका गटात, जे ते आर दुसऱ्या आणि एस ते झेड तिसऱ्या गटात येतात, आणि गटांमध्ये रिकाम्या जागा आहेत. मेनफ्रेमची गरज असेल तर १२८ नोंदींचा तक्ता ठेवावा आणि त्यात पाहण्यापूर्वी बाइट आस्कीत बदलून घ्यावा. ओपनएसएसएल असेच करते. गरज नसेल तर सरळ तुलना ठेवावी, मात्र एबसिडिकवर बांधणी होऊ लागली तर कंपाइल होतानाच ती अडेल अशी तपासणी लिहून ठेवावी.

मराठी वाचकाला याच जागी आणखी एक खाचखळगा जवळचा आहे. कॅर हा प्रकार चिन्हांकित की अचिन्हांकित, हे सी भाषेने कंपायलरवर सोडले आहे. लिनक्सवर इंटेल मशीनवर तो चिन्हांकित आणि आर्म मशीनवर अचिन्हांकित असतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि त्यातला पहिला बाइट हेक्स ई० असतो. प्रमाणपत्रात गावाचे नाव ‘पुणे’ असे लिहिले, तर इंटेल मशीनवर पहिलाच बाइट उणे ३२ म्हणून वाचला जाईल, आणि तो तसाच इझअल्फाला दिला, तर मानकानुसार पुढे काय होईल याची हमी राहत नाही. अनेक अंमलबजावण्यांत तक्त्याच्या आधीची मेमरी वाचली जाते. तेव्हा अक्षर तपासणाऱ्या प्रत्येक फंक्शनात बाइट आधी अनसाइन्ड कॅर करून घ्यावा आणि १२७ च्या वरच्या प्रत्येक बाइटाला ‘अक्षर नाही’ असेच उत्तर द्यावे.

‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट होतात. आठ बाइटांच्या बफरमध्ये त्याची नक्कल केली, तर सात बाइट जातात: दोन पूर्ण चिन्हे आणि तिसऱ्याचा एकच बाइट. हा तुकडा वैध यूटीएफ-८ राहत नाही. एक्स.५०९ या प्रमाणपत्रांच्या मानकातील सामान्य नावाची ६४ ची मर्यादाही अक्षरांची आहे, बाइटांची नव्हे. देवनागरीत ती १९२ बाइटांपर्यंत जाते. बफर ६५ बाइटांचा ठेवणाऱ्याने मुंबई-पुण्याच्या ग्राहकांचा विचार केलेला नसतो.

हेक्स, आकडे आणि छपाई

हेक्स वाचणाऱ्या फंक्शनाने चार प्रश्नांना ठाम उत्तर द्यावे: अंकांची संख्या विषम असेल तर काय, मध्ये विसर्गचिन्ह (कोलन) चालते का, मोकळी जागा चालते का आणि रिकामी स्ट्रिंग वैध आहे का. ओपनएसएसएल विषम अंक नाकारते आणि बाइटांमधील विसर्गचिन्ह स्वीकारते. उलट दिशेला, बाइटांचे हेक्स करताना प्रत्येक बाइटाला दोन अंक आणि एक विसर्गचिन्ह अशी तीन जागा लागतात. शेवटच्या विसर्गचिन्हाच्या जागी नल बाइट बसतो, म्हणून एकूण जागा बरोबर तिप्पट. तिप्पट करण्यापूर्वी लांबी साइझ-टीच्या कमाल मूल्याच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठी नाही, हे पाहावे, आणि लांबी शून्य असेल तर एक बाइट घेऊन रिकामी स्ट्रिंग द्यावी. नाहीतर शून्य बाइट मागितले जातील आणि नल लावायला जागाच राहणार नाही.

हेक्समध्ये गुप्त किल्ली असेल, तर तक्त्यातून अंक काढण्याची पद्धत कॅशमधून माग सोडते, कारण तक्त्याची कोणती जागा वाचली हे किल्लीवर ठरते. लिबसोडियम या क्रिप्टोग्राफी लायब्ररीने यासाठी तक्ता आणि फांद्या टाळून केवळ अंकगणिताने रूपांतर करणारी फंक्शने दिली आहेत. प्रमाणपत्राचा अनुक्रमांक छापताना याची गरज नाही, किल्लीसाठी आहे.

आकडे वाचण्यासाठी स्ट्रटूयूएल वापरणाऱ्याने दोन गोष्टी जाणाव्यात. ते ‘-१’ ही स्ट्रिंग आनंदाने स्वीकारते आणि सर्वांत मोठा आकडा परत देते. पीबीकेडीएफ-टूच्या आवर्तनांची संख्या अशी वाचली, तर प्रोग्राम युगानुयुगे चालत राहील. शिवाय लाँग हा प्रकार ६४ बिटांच्या लिनक्सवर ६४ बिटांचा आणि ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचा असतो, म्हणून एकच सेटिंग एका ठिकाणी चालते आणि दुसऱ्या ठिकाणी मर्यादेबाहेर ठरते. आपले फंक्शन फक्त अंक स्वीकारणारे, ठरावीक रुंदीच्या प्रकारात उत्तर देणारे आणि स्ट्रिंग पूर्ण संपली की नाही हे तपासणारे असावे.

छपाईसाठी एसएनप्रिंटएफवर एक पातळ आवरण घालावे. व्हिज्युअल स्टुडिओच्या २०१५ पूर्वीच्या आवृत्त्यांत मानक एसएनप्रिंटएफ नव्हते आणि अधोरेखा लावलेले जे होते, ते जागा अपुरी पडल्यास नल बाइट लावत नसे. स्ट्रिंगच्या जागी नल पॉइंटर दिल्यास ग्लिबसी कंसात एक शब्द छापते, सोलारिसवर प्रोग्राम कोसळू शकतो. आवरणाने मजकूर कापला गेल्यास उणे एक परत करावे, म्हणजे बोलावणाऱ्याला एकच नियम पाळावा लागतो. ओपनएसएसएलच्या बीआयओ-एसएनप्रिंटएफनेही हेच केले आहे. त्रुटिसंदेशाच्या स्ट्रएरर-आरचे तर एकाच नावाखाली दोन स्वभाव आहेत: ग्नूचे फंक्शन पॉइंटर परत करते, पॉझिक्सचे इंट. हे देखील आवरणाच्या आत झाकून टाकावे.

गोपनीय मजकुराची तुलना आणि पुसणे

प्रमाणीकरणाचा टॅग (संदेश खरा असल्याची खूण म्हणून सोबत येणारे बाइट) तपासण्यासाठी मेमकंप किंवा स्ट्रकंप वापरू नये. ती पहिल्या फरकापाशी थांबतात, आणि लागलेल्या वेळेवरून किती बाइट जुळले याचा अंदाज बांधता येतो. २००९ मध्ये गुगलच्या कीझार या लायब्ररीत नेमका हाच दोष नेट लॉसन यांनी दाखवला होता. आपल्या फंक्शनाने दोन्ही बाजूंच्या प्रत्येक बाइटाचा एक्सॉर घ्यावा, तो एका संचयकात ऑरने मिसळत जावा आणि शेवटीच शून्य आहे का ते सांगावे. ‘आधी कोण’ हे या फंक्शनाने कधीही सांगू नये. त्याला फक्त समान किंवा असमान एवढेच उत्तर असावे. लांबी येथे उघड मानलेली असते, म्हणून दोन्ही लांब्या आधी वेगळ्या तपासाव्यात.

पासवर्ड पुसण्यासाठी मेमसेट बोलवून लगेच फ्री केले, तर कंपायलरला ते शून्य पुन्हा कोणी वाचत नाही असे दिसते आणि तो मेमसेट काढून टाकतो. याची खात्री करून घेणे अवघड नाही. ऑप्टिमायझेशन चालू ठेवून असेंब्ली काढावी आणि मेमसेटचा पत्ता लागतो का ते पाहावे. येथे मात्र प्रणालीचे साधन आधी शोधावे, कारण कंपायलरला काय काढता येणार नाही हे प्रणालीचे लेखकच नीट जाणतात: ओपनबीएसडी ५.५ आणि ग्लिबसी २.२५ पासून एक्स्प्लिसिट-बीझीरो, विंडोजवर सिक्युअरझीरोमेमरी, सी-२३ मध्ये मेमसेट-एक्स्प्लिसिट. यातले काहीच नसेल तर मेमसेटचा पत्ता व्होलटाइल पॉइंटरमध्ये ठेवून त्याच्यामार्फत बोलवावे. बफर वाढवताना रिॲलॉक वापरू नये, कारण ते मजकूर दुसरीकडे हलवून जुनी प्रत न पुसताच सोडून देऊ शकते. नवी जागा घ्यावी, नक्कल करावी, जुनी जागा पुसावी आणि मगच सोडावी.

तपासणी

प्रत्येक फंक्शन आकार शून्य, आकार एक, मजकुराएवढा आकार, मजकुरापेक्षा एकाने जास्त आणि एकाने कमी अशा पाच आकारांवर चालवावे. ओपनएसएसएल ३.०.७ मध्ये १ नोव्हेंबर २०२२ रोजी दुरुस्त झालेला पनीकोडचा (इतर लिप्यांतील डोमेन-नावे आस्कीत लिहिण्याच्या पद्धतीचा) दोष असाच होता: मर्यादेची तुलना करताना ‘मोठे किंवा समान’ असायला हवे तेथे केवळ ‘मोठे’ लिहिलेले होते आणि चार बाइट स्टॅकवर पलीकडे सांडत होते. त्या एका चिन्हासाठी जगभरच्या प्रशासकांची रात्र गेली. चाचणीतील प्रत्येक बफर नेमक्या आकाराचा, हीपवर घ्यावा आणि ॲड्रेस सॅनिटायझर (बफरबाहेरचे वाचन-लेखन पकडणारी कंपायलरची सोय) चालू ठेवावा. स्टॅकवरच्या ऐसपैस बफरमध्ये एका बाइटाची चूक लपून जाते.

त्याच चाचण्या कॅर चिन्हांकित आणि अचिन्हांकित ठेवून दोनदा बांधाव्यात. जीसीसी आणि क्लँग दोन्हींत त्यासाठी पर्याय आहेत. नंतर तुर्की लोकेल लावून सगळ्या अल्गोरिदमची नावे मोठ्या व लहान लिपीत शोधून पाहावीत. लोकेल चाचणीच्या मशीनवर बसवलेला नसेल तर सेटलोकेल नल परत करते आणि चाचणी काहीही न तपासता उत्तीर्ण होते, म्हणून ते परत आलेले मूल्यही तपासावे. ३२ बिटांची बांधणी महिन्यातून एकदा नव्हे, तर प्रत्येक बदलासोबत चालवावी. लांबीच्या गुणाकारातील चुका तेथेच आधी उघड्या पडतात. हेक्स, पनीकोड आणि आकडे वाचणारी फंक्शने फझरला (वेडेवाकडे इनपुट आपोआप देऊन पाहणाऱ्या साधनाला) जोडावीत आणि फझरने शोधलेला प्रत्येक इनपुट, दुरुस्तीनंतरही, चाचणी-संचात कायमचा ठेवावा.